स्टॉक कार शर्यतींची पात्रता फेरी कशी सुधारावी

पात्रता फेरीचे नियम नव्याने लिहिताना, या फेरीतून नेमके काय मोजायचे आहे हे सर्वप्रथम ठरवावे. माझ्या मते ती गाडीचा आणि चालकाचा स्वतःचा वेग मोजण्यासाठी असते, आणि जो नियम या वेगाऐवजी दुसऱ्याच्या आडोशाला बक्षीस देतो तो बदलायलाच हवा. अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या शर्यतींत या फेरीवरून सुरुवातीचा क्रम ठरतो, आणि याच क्रमाने पिट स्टॉलही (टायर-इंधनासाठी थांबण्याच्या जागा) निवडले जातात. पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवणारा संघ सहसा पिट रोडच्या (हे स्टॉल असलेल्या मार्गाच्या) बाहेर पडण्याच्या टोकाची जागा घेतो, कारण तिथून निघताना समोर दुसरी गाडी आडवी येत नाही. त्यामुळे सदोष फेरीचा फटका शर्यत संपेपर्यंत बसत राहतो.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती थांबून राहण्याचा फायदा नाहीसा करण्याची. नॅसकारने 2014 मध्ये एकेका गाडीची पद्धत सोडून गटाने बाद फेऱ्या (अनेक गाड्या एकत्र सोडून संथ गाड्या टप्प्याटप्प्याने वगळणे) सुरू केल्या. सुरुवातीला पिटमध्ये इंजिन थंड करण्याची यंत्रे वापरायला मनाई होती, म्हणून चालक ट्रॅकवरच हळू फिरत इंजिन निववत आणि त्यांच्या शेजारून इतर गाड्या पूर्ण वेगाने जात. हा धोका लक्षात येताच काही आठवड्यांतच यंत्रांना परवानगी द्यावी लागली, पण मूळ दुखणे कायम राहिले. मार्च 2019 मध्ये कॅलिफोर्नियातील फॉन्टाना येथील दोन मैलांच्या ट्रॅकवर अंतिम फेरीतल्या बाराही गाड्या पिट रोडवर एकमेकींची वाट पाहत राहिल्या, कारण त्या वर्षी इंजिनाची ताकद घटवून स्पॉयलर (मागची हवा अडवणारी पट्टी) उंच केल्यामुळे पुढच्या गाडीमागे राहून ड्राफ्ट, म्हणजे तिने हवा कापल्याने मिळणारा आडोसा, घेणाऱ्याला वेग जास्त मिळत होता. अखेर वेळ संपण्यापूर्वी एकही गाडी आरंभरेषा ओलांडू शकली नाही आणि आधीच्या फेरीतील वेळेवरून चालक ऑस्टिन डिलनला पोल मिळाला. पुढे मे महिन्यात ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर एकेका गाडीची पद्धत परत आली. नियमांचा मसुदा तयार झाला की तो एखाद्या अनुभवी क्रू चीफला (संघाच्या तांत्रिक प्रमुखाला) दाखवून, जागेवर बसून राहिल्याने कुठे लाभ होतो हे शोधायला सांगावे, आणि त्याला सापडेल ते प्रत्येक कलम पुन्हा लिहावे.

मोठ्या ओव्हलवर, म्हणूनच, एकेक गाडीच सोडावी. या पद्धतीतही एक उणीव आहे: तापलेल्या ट्रॅकवर टायरची पकड कमी होते, आणि मध्येच ढग आला तर उशिरा निघालेल्यांना आयता फायदा मिळतो. त्यावर चांगला उपाय म्हणजे गाड्यांचे दोन गट करून प्रत्येक गाडीची तुलना केवळ तिच्याच गटात करणे, आणि दोन्हींतील पहिल्या पाच-पाच गाड्या अंतिम फेरीत घेणे, जसे नॅसकारने 2022 मध्ये केले. दीड मैलाच्या ट्रॅकवर ताशी 180 मैलांनी एक फेरा 30 सेकंदांत होतो, तेव्हा आधीच्या गाडीचा वेळेचा फेरा चालू असतानाच, पण तिच्या हवेचा लाभ मिळणार नाही इतक्या अंतराने, पुढची गाडी सोडली तर दहा गाड्यांची अंतिम फेरी जवळजवळ एकाच हवामानात उरकते.

ब्रिस्टल किंवा मार्टिन्सव्हिलसारख्या सुमारे अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर दोन फेरे देऊन त्यांतला चांगला धरावा, कारण टायर तापायला वेळ लागतो. रोड कोर्सवर (डावी-उजवी वळणे असलेल्या ट्रॅकवर) गटाने फेरी घ्यायला हरकत नाही. तिथे ड्राफ्टचा प्रभाव कमी असतो.

डेटोना 500 या नॅसकारच्या प्रसिद्ध शर्यतीचा अपवाद मात्र जपावा. तिथे एकेकट्या फेरीतून फक्त पहिली रांग ठरते आणि बाकीचा क्रम मुख्यतः ड्युएल नावाच्या दोन छोट्या पात्रता शर्यती ठरवतात. ज्या ट्रॅकवर मुख्य शर्यतच थव्याने धावते तिथे थव्यातले कौशल्य प्रत्यक्ष शर्यतीतून पारखणे मला योग्य वाटते. याउलट 2015 मध्ये तिथे घड्याळ लावून गटाने पात्रता फेरी घेतली, तेव्हा गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि चालकांनी उघड संताप व्यक्त केला.

पावसाने फेरी रद्द झाल्यास वापरायचे सूत्र हंगामापूर्वीच जाहीर करावे. मागील शर्यतीतील क्रमांक, तिथला सर्वांत जलद फेरा आणि गुणतक्त्यातील स्थान यांना ठरावीक भार देण्याची रीत नॅसकारने 2020 मध्ये वापरली होती. त्यात जलद फेऱ्याचा भार 15 टक्केच होता; तो मी वाढवीन, कारण त्या तिन्हींपैकी निव्वळ वेग सांगणारा आकडा तेवढाच आहे.