जादुई तलवार खजिन्यात टाकू नका, तिची वाट आखा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४चे नियम) दुर्मीळ दर्जाची जादुई वस्तू पात्राच्या साधारण पाचव्या लेव्हलपासून शोभते, अतिदुर्मीळ अकराव्यापासून आणि दंतकथेतली सतराव्यापासून. त्याआधी दिलीत तर पुढच्या लढाया मिळमिळीत होतात.

सगळ्यात रंगतदार मार्ग म्हणजे वस्तू घडवणं. पूरक नियमांनुसार दुर्मीळ वस्तूला १० आठवडे आणि २,००० सोन्याची नाणी लागतात. शिवाय नुस्खा आणि ९ ते १२ चॅलेंज रेटिंगच्या (प्राणी किती भारी आहे, ते सांगणारा आकडा) प्राण्याशी सामना करून मिळवलेला एखादा घटक. हा घटक म्हणजेच तुमचं पुढचं साहस! समजा, खेळाडूला ज्वालाजिव्हा तलवार हवी आहे. ठरलेला शब्द उच्चारला की तिचं पातं पेटतं आणि प्रत्येक लागलेल्या फटक्याला इजा मोजायला सहा बाजूंचे दोन फासे जास्तीचे मिळतात. मग तीन सत्रं आधी सरायतल्या लोहाराच्या तोंडून नुस्ख्याचा अर्धा भाग कानावर पडू द्या. उरलेला अर्धा शत्रूकडे ठेवा.

बहुतेक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) चुकतात ते ‘अट्यूनमेंट’मध्ये, म्हणजे काही जादुई वस्तूंशी पात्राला जे नातं जोडावं लागतं त्यात. एका पात्राला एका वेळी तीनच वस्तूंशी असं नातं जोडता येतं, तेही प्रत्येकीसाठी तासाभराची छोटी विश्रांती घेऊन. वस्तू २४ तास १०० फुटांपलीकडे राहिली की नातं तुटतं. म्हणून अशी चौथी वस्तू देण्याआधी त्या खेळाडूचं कॅरेक्टर शीट (पात्राच्या नोंदींचा कागद) जरूर बघा.