ध्वनिक्षेपकाच्या अर्जासोबत जागेचा आराखडा जोडावा

इंदूरमध्ये गणेशोत्सवासाठी मोकळ्या पटांगणावर गाण्याचा कार्यक्रम ठरला की, ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज अपुऱ्या माहितीमुळे अडतो आणि ऐन धावपळीत फेऱ्या वाढतात.

1. अर्जासोबत हाताने काढलेला एकपानी आराखडा जोडावा. त्यात रंगमंच, खुर्च्यांची संख्या, बाहेर पडण्याचे मार्ग, जनित्राची जागा व कर्ण्यांची दिशा दाखवावी, आणि जवळ रुग्णालय वा शाळा असल्यास तिचे अंतरही लिहावे.
2. जागामालकाचे संमतिपत्र द्यावे.
3. आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख आवर्जून घ्यावी. माझ्या मते पुढे हाच कागद सर्वाधिक उपयोगी पडतो.

समाप्तीची वेळ साडेनऊ लिहावी, कारण 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.