मॉन्टेसरी प्रशिक्षण : सातारा-सांगलीच्या शिक्षिकांनी निवड कशी करावी आणि पैसे कोठून उभे करावेत

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील बालवाडीत शिकवणारी, अथवा स्वतःची बालवाडी काढू पाहणारी शिक्षिका मॉन्टेसरी प्रशिक्षणाची चौकशी करू लागली की पंधरवड्याच्या ऑनलाइन वर्गापासून वर्षभराच्या पदविकेपर्यंत अनेक जाहिराती तिच्यासमोर येतात, आणि प्रत्येकीवर मॉन्टेसरी हेच नाव असते. हे नाव कोणा एका संस्थेच्या मालकीचे नसल्यामुळे ते कोणीही लावू शकते. म्हणून निवड नावावरून न करता, प्रत्यक्ष मुलांसोबत निरीक्षणाचे आणि सरावाचे किती तास अभ्यासक्रमात आहेत, यावरून करावी. पैशांची जुळवाजुळव त्यानंतरची बाब आहे.

त्याआधी प्रमाणपत्राचा उपयोग कोठे करावयाचा आहे, हे स्वतःशी निश्चित करावे. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित प्राथमिक शाळेत नोकरी हवी असेल, तर डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) आणि शिक्षक पात्रता परीक्षा यांना पर्याय नाही. खासगी मॉन्टेसरी पदविका कितीही चांगली असली तरी तेथे ती चालत नाही. बालशिक्षणाची विद्यापीठीय पदविका कमी खर्चात हवी असेल, तर इग्नूची पूर्वबाल्यावस्था संगोपन व शिक्षण पदविका बारावीनंतर घरी राहून करता येते. मात्र तिच्यात मॉन्टेसरी साधनांचा हातखंडा येत नाही. अंगणवाडी सेविकांनी तर स्वतःच्या मानधनातून पैसे भरण्यापूर्वी, २०२३ साली सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ या उपक्रमातील प्रशिक्षणाची चौकशी आपल्या पर्यवेक्षिकेकडे अवश्य करावी. खासगी बालवाडीत मुलांच्या कलाने शिकवण्याची पद्धत मनापासून शिकायची असेल, तरच पुढील खटाटोपाला अर्थ आहे.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९२९ साली स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संघटना, म्हणजेच एएमआय, ही या क्षेत्रातील एक जुनी संस्था असून तिचे मुख्यालय ॲमस्टरडॅमला आहे. शून्य ते तीन, तीन ते सहा आणि सहा ते बारा अशा वयोगटांसाठी तिच्या स्वतंत्र पदविका असतात. भारतातील मान्य केंद्रांची यादी संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते. चेन्नईची नवदिशा मॉन्टेसरी फाउंडेशन ही त्यांपैकी एक. या पदविकेचे शुल्क बहुधा लाखांच्या घरात जाते, आणि परगावच्या निवासाचा व बुडालेल्या पगाराचा खर्च वेगळा. मराठीतून आणि ग्रामीण परिस्थितीला धरून शिकायचे असेल, तर १९८२ पासून काम करणाऱ्या ग्राममंगल या संस्थेकडे विचारणा करावी. ती संस्था काटेकोरपणे मॉन्टेसरीची नाही. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभारले, त्याच परंपरेतील ती आहे. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले वापरून मॉन्टेसरीची तत्त्वे गरीब वस्तीत रुजवता येतात, हे त्या दोघींनी दाखवून दिले. बालवाडी काढणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण संपूर्ण साधनसंच विकत घेण्याचा खर्च पुष्कळदा प्रशिक्षणाच्या खर्चालाही मागे टाकतो.

शुल्क भरण्यापूर्वी मुलांना मोकळीक देणारा एखादा वर्ग स्वस्थ बसून पाहावा. त्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेले कमला निंबकर बालभवन आहे आणि सांगलीकरांना जवळ पडणाऱ्या कोल्हापुरात लीला पाटील यांनी स्थापन केलेले सृजन आनंद विद्यालय आहे. या दोन्ही मॉन्टेसरी शाळा नव्हेत. तरीही शिक्षिकेने मागे राहून मुलाला पुढे होऊ देणे म्हणजे काय, याची कल्पना अशा शाळांमध्ये येते. मात्र पत्र पाठवून परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये.

त्यानंतर प्रशिक्षण केंद्रालाही भेट द्यावी आणि एखाद्या साधनाचे सादरीकरण पाहू देण्याची विनंती करावी. गुलाबी मनोऱ्याचे उदाहरण घ्या. त्यात दहा घन असतात; सर्वांत लहान घनाची बाजू एक सेंटीमीटर, तर सर्वांत मोठ्याची दहा सेंटीमीटर. शिक्षिका ते एकेक करून चटईवर आणते, सावकाश रचते आणि जवळजवळ काहीच बोलत नाही. मुलाने मोठा घन लहान घनावर ठेवला, तर तो डोळ्यांना खटकतो, मनोरा डळमळतो आणि चूक मुलाची मुलालाच कळते; ती दुरुस्त करण्यासाठी पुढे गेलेला हात शिक्षिकेने मागे घ्यायचा असतो. घनांचा क्रम चित्रफितीवरून पाठ होतो, पण हात आवरण्याची सवय मुलांसमोर बसल्याशिवाय लागत नाही. ज्या केंद्रात निरीक्षणासाठी चालू वर्गच नाही, तेथे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी माध्यमाच्या शिक्षिकेने आणखी एक प्रश्न विचारावा. अनेक अभ्यासक्रम इंग्रजी ध्वनींना धरून आखलेले असतात. देवनागरीत ‘क’ या अक्षरातच ‘अ’ दडलेला असतो, आणि पुढे काना-मात्रा व जोडाक्षरे येतात; त्यामुळे मुलाने बोट फिरवून गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरे कोणत्या क्रमाने द्यावीत, मात्रा सुटी द्यावी की अक्षरासह, याचा विचार त्या केंद्राने केलेला आहे का, हे पाहावे. उत्तर गुळमुळीत आले, तर तो भाग पुढे आपल्यालाच एकटीने बसवावा लागेल, असे समजावे.

पैशांसाठी पहिली विचारणा आपल्याच शाळेकडे करावी. शुल्क संस्थेने भरावे आणि त्याबदल्यात शिक्षिकेने ठरावीक वर्षे तेथे काम करावे, असा करार करता येतो. त्यात किती वर्षे, प्रशिक्षणानंतर पगार किती आणि मध्येच बालवाडी बंद पडल्यास काय, हे लेखी असावे; मूळ प्रमाणपत्रे शाळेकडे ठेवण्याची अट मात्र मान्य करू नये. शाळा चालवणारा न्यास सीएसआर निधीसाठी, म्हणजे कंपनी कायद्यानुसार ठरावीक कंपन्यांना सामाजिक कामांवर जो खर्च करणे बंधनकारक असते त्यासाठी, नोंदणीकृत असेल, तर कुपवाड, शिरवळ अशा औद्योगिक भागांतील कंपन्यांकडे दोन-तीन शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव त्याला पाठवता येतो. हा निधी साधारणपणे संस्थांना मिळतो. एकट्या व्यक्तीने अर्ज करून फारसे हाती लागत नाही. सहकारी साखर कारखान्यांना कंपनी कायद्यातील हे बंधन लागू नाही, त्यामुळे तेथे कारखान्याशी संलग्न शिक्षण संस्थेमार्फतच बोलणे योग्य ठरते.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत पदरची रक्कम घालावी लागत नाही आणि हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. परंतु अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो, आणि खासगी पदविकेचे घोडे बहुधा तेथेच अडते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्त्यांचेही तसेच आहे. त्यामुळे केंद्राकडून मान्यतेचे पत्र आणि शुल्काचा तपशील घेऊन आधी शाखेत विचारावे व मगच प्रवेश निश्चित करावा. प्रशिक्षण केंद्राकडे शुल्कसवलत किंवा हप्त्यांची सोय असल्यास तिचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच द्यावा.

यांपैकी काहीच जमले नाही, तर पतसंस्था, बचत गट किंवा सोनेतारण उरते. पतसंस्थेत व्याज सरळ आहे की घटत्या शिलकेवर, हे विचारल्याशिवाय सही करू नये. एक लाख रुपये बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतल्यास सरळ पद्धतीत व्याज ३६,००० रुपये होते, तर घटत्या शिलकेवर मासिक हप्ता सुमारे ३,३२१ रुपये येऊन एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास राहते. दर तोच असूनही फरक एवढा पडतो.

ही सारी तयारी दिवाळीच्या सुटीपासूनच सुरू करावी, कारण शाळा जूनमध्ये भरतात आणि उन्हाळी सुटीत चालणाऱ्या वर्गांच्या जागा त्याच्या कितीतरी आधी भरलेल्या असतात. अनामत भरताना पावती घ्यावी, आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे त्या पावतीवर किंवा सोबतच्या पत्रात लिहून घ्यावे.