पाऊस डब्यात, पाणी दोरीवर

"औंदा सरासरी गाठली," असं बातम्यांत सांगतात. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडच्या कोरडवाहू कपाशीला सरासरी कळत नाही. दोन रात्री धो धो, मग तीन आठवडे कोरडं ऊन. मध्य भारतात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना 1950 ते 2015 दरम्यान तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलंय. म्हणून हिशेब गावाचा नको, स्वतःच्या शिवाराचा ठेवा.

तोंड आणि बूड सारखं असलेला सरळ डबा घ्या. झाड-छपरापासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आठला पट्टी बुडवून मिलिमीटर पाहा, कॅलेंडरवर लिहा आणि डबा रिकामा करा. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक आहेच, पण आमच्याकडे रस्त्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे फुफाटा असतो. पावसाची बेरीज 75 ते 100 मिमी होईपर्यंत बियाण्याचं पाकीट फोडू नका. मी एकदा 30 मिमीवरच कपाशी लावली. पुढे 24 दिवस थेंब नाही. दुसऱ्यांदा बियाणं आणताना बांधावर शेजारी विचारतो, "आते काय करू भाऊ?" त्याचीही तीच गत झालेली.

पावसात खंड पडला की तण काढायचं कोळपं थांबवू नका. भेगा बुजतात, ओल टिकते, तणही पाणी पीत नाही. उताराला आडवी, चार-सहा ओळींआड एक सरी आधीच पाडलेली असावी.

दिवाळीनंतर विहीर. दोरीला दगड बांधा, फुटाफुटावर गाठ मारा, बुडापर्यंत सोडा आणि भिजलेल्या गाठी मोजा. 20 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण 8,900 लिटर. दहा गाठी भिजल्या तर 89 हजार. एका एकरावर 5 सेंटीमीटर पाणी द्यायला मात्र दोन लाख लिटर लागतं! उपशानंतर विहीर किती तासांत परत चढते, तेही लिहून ठेवा. खरी मिळकत ती.

गव्हाला पाच-सहा पाण्या लागतात, हरभरा एक-दोनवर निघतो. मागच्या साली माझ्या नऊच गाठी भिजल्या. आणलेलं गव्हाचं बियाणं दुकानात परत केलं, अर्ध्या रानात हरभरा पेरला आणि तुषार संच मोठ्या भावाकडून उचलून आणला.