कॉलेज संपायच्या आत एवढं उरकून घ्या

शेवटच्या सेमला सगळे नाशिकच्या कॉलेज रोडवर फोटो काढत फिरतात, तुम्हीही फिरा, पण आधी लायब्ररीचं नो ड्यूज घ्या आणि टीसी, मार्कशीट एका फाईलीत लावा. खरी परीक्षा रूम शोधताना. नोकरी अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत लागली तर गंगापूर रोडचा हट्ट कशाला, जवळच सिडकोत बघा. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे आणि ती जबाबदारी मालकाची, त्यामुळे घरमालक काका "कशाला उगाच खर्च" म्हणाले तरी अडून बसा. भिंतीची ओल बघा, पाणी किती वाजता येतं विचारा, डिपॉझिट ऑनलाईनच द्या. पीएफचा यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, १२ आकडी असतो, नोकरी बदलली तरी तोच द्यायचा, नवीन काढायचा नाही. आणि कुकर लावायला शिका, मेसचं जेवण महिन्याभरात नकोसं होतं.