लाडकी जुनी गाडी तरुण हातात देताना या चुका टाळा

माझी गाडी मी २६ वर्षं चालवली. ती घेणारा मुलगा २२ वर्षांचा, म्हणजे गाडीच त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. व्यवहार सरळ झाला, कागद झाले, तो आनंदाने गाडी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "काका, गाडी चालूच होत नाहीये." त्याने थंड इंजिनावर चोक (थंड इंजिनाला सुरू होताना जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची मूठ) न ओढता सेल्फ मारला होता, मग पायाने भराभर रेस दिली होती, मग पुन्हा सेल्फ. इंजिन पेट्रोलने ओलं झालं आणि बॅटरी बसली. गाडीत काहीही बिघाड नव्हता. चोक हा शब्दच त्याने कधी ऐकला नव्हता, आणि मी तो सांगितला नव्हता, कारण तो ओढताना माझं त्याकडे लक्षच जात नसे.

चूक इथेच होते. इतक्या वर्षांत गाडीचे स्वभाव आपल्या हातापायांत उतरलेले असतात, त्यामुळे ते आपल्याला दिसेनासे होतात. आणि तरुण गिऱ्हाइकाला काय विचारायचं हेच माहीत नसतं. त्यामुळे सांगायची जबाबदारी पूर्णपणे विकणाऱ्यावर येते.

किंमत आठवणींवर लावणे

डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी साधे कॉफीचे मग दिले आणि किती मिळाले तर विकाल असं विचारलं. बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? तो मग नुकताच हातात आलेला होता, तरी विकणाऱ्यांनी मागितलेली रक्कम घेणाऱ्यांच्या रकमेच्या दुपटीहूनही जास्त निघाली. काही मिनिटांच्या मालकीने एवढं होत असेल, तर ज्या गाडीतून मुलांना शाळेत सोडलं तिचं काय होत असेल याचा विचार करा. त्याच मॉडेलच्या, त्याच वयाच्या गाड्या प्रत्यक्षात कितीला जात आहेत ते आधी पाहा. गेल्या वर्षी दुरुस्तीवर घातलेला खर्च त्यात जशाच्या तसा मिळवू नका. नवीन क्लचमुळे गाडी लवकर विकली जाते, पण क्लचचे सगळे पैसे कोणी देत नाही.

याची उलटी चूकही मी पाहिली आहे, आणि मला ती जास्त घातक वाटते. "मुलगा चांगला आहे, सांभाळेल" म्हणून किंमत कमी करायची आणि बदल्यात तोंडी अटी घालायच्या: रंग बदलू नकोस, सीट कव्हर तसंच ठेव, विकायची झाली तर आधी मला विचार. त्या क्षणी तो सगळ्याला हो म्हणेल, त्याला गाडी हवी आहे. वर्षभराने त्याने रंग बदलला की तुम्ही दुखावणार आणि तो अपराधी वाटून घेणार. सवलत द्यायची असेल तर मनापासून द्या आणि तिला दोरी बांधू नका.

तो येण्याआधी इंजिन गरम करून ठेवणे

बहुतेक जण हे चांगल्या भावनेने करतात, गाडी पहिल्या फटक्यात सुरू व्हावी म्हणून. पण जुन्या इंजिनाची खरी तब्येत थंड असतानाच कळते. रात्रभर उभी राहिलेली गाडी त्याच्यासमोर सुरू करा आणि सायलेन्सरमधून काय निघतं ते दोघं मिळून पाहा. सकाळच्या गारव्यात दिसणारी पांढरी वाफ थोड्या वेळात विरून गेली तर ती फक्त साचलेलं पाणी आहे. ती विरलीच नाही आणि गोडसर वास आला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनात जळत असल्याची शंका घ्यावी. सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, बऱ्याचदा व्हॉल्व्हचे सील झिजलेले असतात. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय.

माझ्या गाडीतून सकाळी पहिल्यांदा निळा झोत यायचा. मी तो त्या मुलाला दाखवला, ऑइल किती हजार किलोमीटरला किती टाकावं लागतं तेही सांगितलं. त्याने व्यवहार मोडला नाही. उलट बाकीचं मी जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवला.

"सगळं एकदम ठीक आहे" असं म्हणणे

हे वाक्य सगळेच म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. तारीख आणि किलोमीटर सांगा. जुन्या गाडीत रबर आणि द्रव नुसत्या वयानेही खराब होतात, गाडी उभी असली तरी.

टायरपासून सुरुवात करा, कारण तिथे मी स्वतः फसलो होतो. गाडी कमी चालायची, त्यामुळे टायरची नक्षी छान खोल होती आणि मी ते "जवळपास नवे" म्हणून सांगत होतो. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारा संकेत असतो. त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या २३व्या आठवड्यातला. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, तो बदलल्याशिवाय गाडी देऊच नका. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि नक्षी कितीही उरली असली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नयेत, असं अनेक उत्पादक सांगतात. माझे टायर अकरा वर्षांचे निघाले. स्टेपनी तर त्याहून जुनी होती, ती पाहायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबला तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल खाली जातं. गावात हळू चालवणाऱ्या मालकाला हे कधीच जाणवत नाही. तरुण मुलगा पहिल्याच सुट्टीत मित्रांना घेऊन घाटात जाणार आहे. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर विकण्याआधी बदलून टाका, खर्च थोडाच आहे.

टायमिंग बेल्टचंही (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा रबरी पट्टा) तसंच. तो किलोमीटरने जितका झिजतो तितकाच वर्षांनी कडक होतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून इंजिनच उघडावं लागतं. बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर कधी बदलला, हे कागदावर द्या.

आणखी एक गोष्ट, मीटरची. जुन्या गाड्यांचे किलोमीटर दाखवणारे मीटर बऱ्याचदा पाचच आकड्यांचे असतात. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतात. तुमची गाडी एकदा किंवा दोनदा फिरून आली असेल तर हे स्वतःहून सांगा. न सांगणं म्हणजे खोटं बोलणंच आहे.

विकण्याआधी गंज रंगाखाली लपवणे

दाराच्या खाली फुगलेला रंग दिसला की आपल्याला लाज वाटते. मग लांबी (पुट्टी) भरून, वर रंग मारून गाडी गोजिरी केली जाते. खालून काळा थर मारला की तळाचा पत्राही नवा वाटतो. काही महिन्यांत गंज पुन्हा वर येतो, तोवर आत अजून पसरलेला असतो. जॅक लावायच्या जागा, दाराखालची पट्टी, मॅटखालचा पत्रा आणि डिकीत स्टेपनीखालचा खड्डा या जागा जशा आहेत तशा दाखवा. त्याला त्याचा मेकॅनिक आणू द्या, गाडी लिफ्टवर चढवू द्या. तो स्वतःहून म्हणाला नाही तर तुम्हीच सुचवा. धुऊन, आतून झाडून, काचा पुसून द्या, तेवढी सजावट पुरेशी आहे.

ट्रायल म्हणजे फक्त एक फेरी समजणे

त्याचा परवाना पाहा आणि दुसऱ्याने चालवली तर तुमचा विमा लागू होतो का ते आधी विचारून ठेवा. पहिल्यांदा तुम्ही चालवा, त्याला शेजारी बसवा आणि तुमचे हात काय करतात ते मोठ्याने सांगत जा. मोठ्याने बोललं की विसरलेल्या सवयी आपोआप बाहेर येतात. मला तेव्हाच कळलं, की गाडी थंड असताना मी दुसरा गियर टाकण्याआधी न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबतो. तसं केलं नाही तर गियर करकरतो. हे मी ट्रायलमध्ये सांगितलं म्हणून त्याचा गियरबॉक्स वाचला. चोक मात्र राहिला, कारण ट्रायलच्या वेळी इंजिन गरम होतं. थंड इंजिनावरची तपासणी आम्ही वेगळ्या दिवशी केली होती आणि तेव्हा सेल्फ मीच मारला होता.

मग त्याला चालवू द्या आणि गप्प बसा. प्रत्येक वळणावर सूचना दिल्या तर तो गाडी शिकणार नाही, तुम्हाला सांभाळत बसेल. पॉवर स्टिअरिंग नसेल तर अरुंद जागेत गाडी लावायला सांगा. शक्य असेल तर संध्याकाळी अंधार पडताना चालवून घ्या, जुन्या दिव्यांचा उजेड किती कमी पडतो ते दिवसा समजत नाही.

आता ब्रेक. यावर मला थांबायचंय, कारण मी हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, पण साध्या गाड्यांपर्यंत पोचायला तिला बरीच वर्षं लागली. आज गाडी शिकलेल्या मुलांच्या पायाला एकच माहीत असतं: संकटात ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि स्टिअरिंग फिरवायचं. एबीएस असलेल्या गाडीत हेच बरोबर आहे. एबीएस नसलेल्या गाडीत तसं केलं की चाकं जाम होतात, गाडी घसरत सरळ जाते आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. गाडी नेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात ओल्या रस्त्यावर त्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. त्याने मला फोनवर सहज सांगितलं, मला त्या रात्री झोप लागली नाही. चाकं घसरल्यासारखं वाटलं की ब्रेक थोडा सोडायचा, पकड आली की पुन्हा दाबायचा, आणि मुळात पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं. हे दोनदा सांगा. मोकळ्या, सुरक्षित जागेत कमी वेगाने करून दाखवा. एअरबॅग नसतील तर तेही सांगा, मागच्या सीटला पट्टे आहेत का तेही.

व्यवहार जिव्हाळ्यावर सोडणे

घेणारा सज्ञान आहे ना, हे पाहा. नसेल तर पालकांशीच व्यवहार करा. पैसे स्वतःच्या खात्यात जमा झालेले पाहा, त्याच्या फोनवरचं चित्र पाहून किल्ली देऊ नका. नाव बदलण्याचं काम "करेल तो सवडीने" म्हणून सोडू नका, तोवर गाडीचे दंड आणि अपघात तुमच्या नावावर लागू शकतात. गाडी ताब्यात दिल्याची तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या करा, आणि नोंदणी खात्याला व विमा कंपनीला कळवा. हप्त्यांवर गाडी देऊ नका. एक हप्ता चुकला की गाडीची प्रत्येक तक्रार पैशांच्या वादात मिसळते.

किल्लीबरोबर वही न देणे

पावत्यांची फाइल सगळे देतात. त्याशिवाय एक वही लिहा, आठवडाभर गाडी चालवताना जे जे सुचेल ते. थंड असताना चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर असताना खरं किती उरलेलं असतं. कोणतं दार आतून उचलून लावावं लागतं. जॅक कुठे लावायचा, कोणता पाना कुठल्या नटाला. कोणता मेकॅनिक हा कार्ब्युरेटर उघडू शकतो. आणि दुसरी किल्ली द्यायला विसरू नका. जपून ठेवलेले सुटे भागही द्या, दुसऱ्या कशाला ते उपयोगी पडणार नाहीत.

नंतर फोन आला तर

स्वतःहून फोन करून गाडीची चौकशी करत राहू नका, पण पहिले काही आठवडे त्याचा फोन घ्या. बहुतेक प्रश्न दोन-तीनच असतात.

सुरू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतोय: चोक पूर्ण आत ढकल, पाच-दहा मिनिटं थांब, मग रेस पूर्ण दाबून धर (पंपासारखी मारायची नाही) आणि थोडाच वेळ सेल्फ मार. वास नाही आणि सेल्फ नुसता टकटक करतोय: आधी बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत का बघ, मग व्होल्ट मोज. उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना साधारण १४.

तापमानाचा काटा चढतोय: हीटर पूर्ण सुरू कर, सुरक्षित जागी थांबव, इंजिन बंद कर. गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नकोस. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सैल झालं की ते एकदम उसळतं. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

माझ्या गाडीचा रंग त्याने दीड वर्षाने बदलला. फोटो पाठवला आणि लगेच फोनही केला. दाराखालच्या पट्टीचा गंज आधी पूर्ण घासून काढला का, एवढंच मी विचारलं. "पत्राच कापून नवा जोडला, काका," तो म्हणाला, आणि पुढची पंधरा मिनिटं तो कसा जोडला ते सांगत राहिला.