जुना लाकडी खेळसंच सोडवून दुसऱ्या अंगणात उभा करताना

अंगणातला लाकडी खेळसंच, म्हणजे झोक्यांची आडवी तुळई, तिला पेलणारे कैचीचे पाय, बाजूचे मचाण आणि त्याला टेकलेली घसरगुंडी, ही वस्तू जुनी घेतली तर नव्याच्या मानाने फार स्वस्त पडते, आणि पुष्कळदा ‘तुम्हीच सोडवून न्या’ एवढ्या एका अटीवर फुकटही मिळते. ती अट मात्र हलकी नसते. सोडवणे, वाहून नेणे आणि पुन्हा उभा करणे या तीन कामांपैकी सर्वांत किचकट काम तिसरे असते, आणि ते सुरळीत होणार की डोकेदुखी ठरणार, याचा निकाल पहिल्या कामाच्या वेळीच लागलेला असतो. म्हणून पुढील बहुतेक सूचनांमागे एकच धोरण आहे: सुटे करायचे ते कमीत कमी करावे, आणि जे सुटे कराल त्यावर खूण केल्याशिवाय ते जागेवरून हलवू नये.

संच पाहायला जाताना खिशात एक साधा स्क्रूड्रायव्हर असावा. खांब जिथे मातीला टेकतो किंवा मातीत शिरतो तिथे, तुळईच्या वरच्या अंगाला आणि मचाणाच्या फळ्या चौकटीवर बसतात त्या सांध्यांत ओल साचून राहते. नेमक्या त्या जागी स्क्रूड्रायव्हरचे टोक नेटाने दाबून पाहावे. निरोगी लाकडात ते जेमतेम खळगा पाडते. कुजलेल्या लाकडात ते अर्धा-पाऊण इंच सहज आत जाते आणि बाहेर काढताना ओलसर, तंतू तुटलेला भुसा सोबत आणते. खांबावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर वाळवी लागून गेली आहे किंवा अजून आत आहे असे समजावे. लांबीच्या दिशेने पडलेल्या वरवरच्या भेगा लाकूड वाळताना पडतातच, त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. परंतु बोल्टच्या भोकातून निघून टोकापर्यंत गेलेली किंवा आरपार गेलेली भेग असेल, तर तो भाग बदलावाच लागतो. कठड्याची पट्टी, पायरी किंवा मचाणाची एखादी फळी खराब असणे ही किरकोळ बाब आहे. तुळई आणि दोन-तीन खांब एकदम खराब असतील, तर फुकट मिळणारा संचही महागात पडतो, आणि अशा वेळी नम्रपणे नकार देणे हेच शहाणपणाचे.

फार जुन्या संचाच्या बाबतीत लाकडावरील प्रक्रियेचाही विचार करावा लागतो. पूर्वी बाहेर वापरायच्या लाकडात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांची संयुगे दाबाखाली मुरवली जात. अमेरिकेतील उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी ही प्रक्रिया 2003 च्या अखेरीस थांबवली. नुसत्या हिरवट छटेवरून अशा लाकडाची ओळख पटत नाही, कारण त्यानंतर आलेल्या, आर्सेनिक नसलेल्या तांबेयुक्त प्रक्रियेच्या लाकडालाही तशीच छटा असते. त्यामुळे संच किती साली उभारला होता, हे मालकाला स्पष्ट विचारणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. आर्सेनिकयुक्त लाकडाचा संच लहान मुलांसाठी घेऊ नये असे माझे मत आहे. प्रक्रिया केलेले कोणतेही लाकूड, मग ते जुने असो वा नवे, जाळू नये आणि त्याचा भुसा श्वासावाटे आत जाऊ देऊ नये.

संच घ्यायचे ठरले, की पाना हातात घेण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी. सर्वांत लांब तुकडा कोणता, सर्वांत रुंद जोड कोणता, आणि वाहनाच्या पाटीत तसेच वाटेतल्या फाटकातून ते जातील का, हे कळल्यावरच किती सोडवायचे ते ठरवता येते. मचाणाचा कठडा, चढण्याची भिंत, छताचा प्रत्येक उतार आणि फळ्यांचे तळ हे सहसा तयार जोड म्हणून वेगळे निघतात. ते तसेच ठेवावेत. एकेक फळी उकलत बसले, तर स्क्रूंची संख्या शेकड्यांत जाते, आणि जुन्या भोकांत ते पुन्हा पूर्वीसारखे घट्ट बसतील याची खात्री नसते. वाहन पुरेसे मोठे असेल आणि हात भरपूर असतील, तर मचाणाच्या समोरासमोरच्या दोन बाजू अखंड ठेवून फक्त त्यांना जोडणारे आडवे भाग काढावेत. यात जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कोणत्याही युक्तीने वाचत नाही.

त्यानंतर छायाचित्रे काढावीत. चारही बाजूंनी पूर्ण संचाची, आणि प्रत्येक सांध्याची जवळून, म्हणजे बोल्ट कोणत्या बाजूने घातला आहे आणि चकती कुठे आहे हे दिसेल अशी. संचावर उत्पादकाची पट्टी आणि मॉडेलचा क्रमांक असेल तर तोही टिपून घ्यावा, कारण मूळ जोडणीची पुस्तिका मिळण्याची शक्यता त्यावरच असते. खुणेसाठी कागदी चिकटपट्टी चालते, पण ती ओलसर लाकडावर टिकत नाही आणि वाहतुकीत घासून निघून जाते. म्हणून जोडणीनंतर झाकल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर पक्क्या शाईच्या मार्करने थेट लिहिणे अधिक भरवशाचे. नुसते ‘1, 2, 3’ लिहून भागत नाही. ‘मचाण, मागचा डावा खांब, वरचे टोक’ असे लिहिलेले असले, म्हणजे उभारणीच्या वेळी वाद होत नाहीत. आणि डावे-उजवे कुठे उभे राहून ठरवले, हेही एकदा लिहून ठेवावे.

अवजारांत सॉकेटचा संच, लांब दांडी, फिरता पाना, रबरी हातोडा, पकड, लहान पहार, लोखंड कापणारी करवत, चार्जिंगचे ड्रिल आणि दोन घडीच्या शिड्या एवढे हवे. इंची आणि मिलिमीटर अशी दोन्ही मापे जवळ ठेवावीत. 19 मिमीचे सॉकेट आणि पाऊण इंचाचे सॉकेट व्यवहारात सारखेच चालते, पण अर्ध्या इंचाच्या नटावर 13 मिमीचे सॉकेट किंचित सैल बसते, आणि गंजलेल्या नटावर जोर लावला की त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कामाला हात घालण्याआधी छताच्या आतल्या बाजूला आणि मचाणाखाली गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हे पाहून घ्यावे.

काढण्याचा क्रम साधारण असा असतो: आधी झोके, दोर आणि साखळ्या, मग घसरगुंडी, त्यानंतर छत, मग तुळई व तिचे पाय, आणि शेवटी मचाण वरून खाली. प्लॅस्टिकची घसरगुंडी कडक थंडीत ठिसूळ होते, म्हणून ती ओढू किंवा वाकवू नये. प्रत्येक सांध्याचे बोल्ट, चकत्या आणि नट परत एकमेकांत घालून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि पिशवीवर सांध्याचे नाव लिहावे. हे सामान नवे आणायचे असले तरी जुने फेकू नये, कारण नव्याची लांबी आणि जाडी त्यावरूनच ठरवता येते.

सर्वांत धोक्याचा टप्पा तुळईचा असतो. साडेतीन बाय साडेपाच इंच जाडीची, 12 फूट लांबीची तुळई लाकडाच्या जातीनुसार आणि ओलीनुसार 20 ते 30 किलो भरते, आणि ती डोक्याच्या वर असते. शिवाय कैचीचे पाय तुळईच्या आधारावरच उभे असतात. सांधा सुटला की ते स्वतःहून उभे राहत नाहीत. त्यामुळे या वेळी तीन मोठी माणसे लागतात, आणि मुले, कुत्री व सल्ले देणारे बघे यांना दूर ठेवावे लागते. प्रथम मचाणाच्या दोन बाजूंना तिरक्या पट्ट्या ठोकून ते डगमगणार नाही असे करावे. मग दोन्ही टोकांचे नट सैल करावेत, पण काढू नयेत. मचाणाकडच्या टोकाला एक बोल्ट सैल स्थितीत तसाच ठेवून पायांकडचे टोक आधी सोडवावे: एकाने शिडीवरून तुळईचे टोक पेलावे, दुसऱ्याने बोल्ट काढावेत, तिसऱ्याने पाय धरून बाजूला आडवे करावेत. त्यानंतर ते टोक हळूहळू जमिनीवर टेकवले, की मचाणाकडचा शेवटचा बोल्ट काढताना अर्धेच वजन हातावर येते. मचाणाकडचे टोक लोखंडी खोबणीत बसवलेले असेल आणि तुळई तिरपी होऊ देत नसेल, तर दोन्ही टोके एकदमच उतरवावी लागतात; तेव्हा आकडे मोजून, एकाच्या इशाऱ्यावर काम करावे.

न निघणारे बोल्ट प्रत्येक जुन्या संचात असतात. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी संध्याकाळी नटांवर सोडून ठेवले, तर सकाळी निम्मी लढाई जिंकलेली असते. तरीही एक प्रकार हमखास उरतो: गोल डोक्याचा बोल्ट नटासकट जागच्या जागी फिरत राहतो. या बोल्टच्या डोक्याखाली चौकोनी मान असते आणि ती लाकडात रुतून बसते म्हणूनच एरवी फक्त नट फिरवून काम होते. लाकूड झिजले, की मानेची पकड सुटते. अशा वेळी डोके आणि लाकूड यांच्यामध्ये पहारेचे चपटे टोक सरकवून बोल्ट बाहेरच्या बाजूला ताणून धरावा आणि तसा ताणलेला असतानाच दुसऱ्याने नट फिरवावा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. नाहीच झाले, तर आट्यांच्या उघड्या भागाला पकड घट्ट आवळून प्रयत्न करावा, आणि तोही फसला तर नटाच्या खालून करवतीने बोल्ट कापून टाकावा. ग्राइंडर वापरल्यास ठिणग्या उडतात, आणि वाळक्या गवताजवळ ते धोक्याचे आहे. निघणारा बोल्ट भोकातून ठोकून बाहेर काढताना नट त्याच्या टोकाशी समपातळीत आणून मगच हातोडा मारावा, म्हणजे आटे चेपत नाहीत.

पाय जमिनीत लोखंडी खुंट्यांनी अडकवलेले असतील तर त्या फिरवून किंवा पहारेने उपसून काढता येतात. काँक्रीटमध्ये रोवलेले खांब खणून काढणे कष्टाचे असते, पण जमिनीलगत कापले तर संचाची उंची तेवढी कमी होते आणि चारही खांब एका मापात कापावे लागतात. जागेवर राहिलेले खड्डे बुजवून द्यावेत. ती मालकाशी असलेली साधी सभ्यता आहे.

वाहनात तुळई आणि खांब सर्वांत खाली, त्यांवर जोड आडवे किंवा कडेला उभे, आणि घसरगुंडी सर्वांत वर ठेवावी. दोराऐवजी ताण देता येणारे पट्टे वापरावेत, आणि थोडे अंतर गेल्यावर एकदा थांबून ते पुन्हा आवळावेत, कारण लाकडे एकमेकांवर बसली की पट्टे सैल पडतात.

नव्या जागेची निवड घाईने होऊ नये. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शनानुसार संचाभोवती सर्व बाजूंनी किमान 6 फूट मोकळी जागा असावी, आणि झोक्यांच्या पुढे व मागे प्रत्येकी तुळईच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळे असावे. म्हणजे 8 फूट उंचीच्या तुळईला पुढे 16 आणि मागे 16 फूट. हे अंतर मोजले, की पुष्कळ अंगणे लहान पडतात, आणि म्हणूनच ते संच आणण्याआधी मोजलेले बरे. खाली नुसते गवत किंवा टणक जमीन पुरेशी नसते. लाकडाचा चुरा किंवा तत्सम सैल थर किमान 9 इंच जाडीचा राखावा.

जमीन सपाट करून, पाणसळीने तपासून, मचाणापासून उभारणीला सुरुवात करावी. सगळे बोल्ट आधी हातानेच बसवावेत. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे भरले, की चौकट काटकोनात आली असे समजावे, आणि मगच नट आवळावेत. आधी आवळले तर शेवटच्या सांध्याची भोके समोरासमोर येत नाहीत. रुंद झालेल्या स्क्रूच्या भोकात लाकडी खुंटी सरसाने बसवून, ती वाळल्यावर नवे भोक पाडावे, किंवा एक माप जाड स्क्रू वापरावा. तांबेयुक्त प्रक्रियेच्या लाकडात साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून नवे सामान घेताना वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. झोक्यांचे आकडे आणि कड्या मात्र चांगल्या दिसल्या तरी नव्याच घ्याव्यात, कारण त्यांची झीज आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला होते.

शेवटी हाताने सगळीकडे चाचपून पाहावे. नटाबाहेर दोनपेक्षा अधिक आटे डोकावत असतील, तर बोल्ट कापून घासावा किंवा टोपी असलेला नट लावावा, कारण कपड्याची दोरी तिथेच अडकते. कठड्याच्या किंवा शिडीच्या पट्ट्यांमधील फट साडेतीन ते नऊ इंच या दरम्यान राहू देऊ नये. तेवढ्या फटीतून मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. त्यानंतर एका मोठ्या माणसाने प्रत्येक झोक्याच्या कड्यांना लोंबकळून तुळई कुरकुरते का, पाय उचलले जातात का, हे पाहावे, आणि पाय उचलले जात असतील तर जमिनीतल्या खुंट्या बसवल्याशिवाय मुलांना वर चढू देऊ नये. नव्या जागी लाकूड थोडे फुगते-आकसते. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांनी सर्व नट पुन्हा एकदा आवळावेत, आणि पुढे दर मोसमाच्या सुरुवातीला हीच फेरी करावी.